दुखऱ्या गुडघ्यावर उडी कशी बांधायची: व्हॉलीबॉल खेळणाऱ्यांसाठी पायरीपायरीने सराव

गुडघ्याने गांजलेला व्हॉलीबॉलपटू ओळखायचा असेल तर त्याला वॉर्म-अपच्या वेळी बघा. पहिली दहा मिनिटं गडी नेटपासून लांब, कडेला पाय झटकत उभा. पहिल्या दोन-चार उड्यांना चेहरा वाकडा. मग अंग तापतं, कळ विरते आणि तासाभराने ब्लॉकला तोच सगळ्यांपेक्षा वीतभर वर दिसतो. रात्री काही त्रास नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी जिना उतरताना मात्र हात आपोआप कठड्यावर जातो.

मिडल ब्लॉकर म्हणून, म्हणजे नेटच्या मध्यावर उडून समोरचा स्मॅश अडवणारा गडी म्हणून खेळताना मी चार वर्षं अशीच काढली. माझी पद्धत ठरलेली होती: दुखणं असह्य झालं की तीन आठवडे सगळं बंद, थांबलं की पहिल्याच दिवशी पूर्ण सराव. आठवड्याभरात दुखणं परत हजर, मागच्यापेक्षा चार आणे जास्तच. मला वाटायचं, विश्रांती कमी पडली. खरं तर त्या तीन आठवड्यांत मांडी आणि गुडघ्याची कंडरा (स्नायूचा जोर हाडापर्यंत नेणारा चिवट दोर) दोन्ही आणखी कमजोर होत होत्या आणि परत आल्यावर मी त्यांच्यावर पूर्वीइतकाच बोजा टाकत होतो.

पुढची आखणी महिनोन् महिने दुखणाऱ्या आणि तरीही ज्यावर उडायचंच आहे अशा गुडघ्यासाठी आहे. ताज्या दुखापतीसाठी नाही.

आधी बोट ठेवा

दुखणं एका बोटाने दाखवता येतं का? पाय सैल सोडून बसा आणि गुडघ्याच्या वाटीच्या खालच्या टोकाला अंगठ्याने दाबा. दुखरी जागा तीच असेल, उडी जितकी जोरात तितकी कळ जास्त येत असेल आणि नुसतं बसल्या-झोपल्या काही होत नसेल, तर हे बहुधा ‘जंपर्स नी’ आहे. वाटीला नडगीच्या हाडाशी जोडणाऱ्या कंडरेचं हे दुखणं. १९७३पासून ते या नावाने ओळखलं जातं. नुसतं दाबल्यावर दुखतं एवढ्यावर निकाल देऊ नका, धडधाकट खेळाडूंनाही तिथे दाबल्यावर दुखू शकतं. भार वाढवला की दुखणं त्याच जागी वाढतं का, हे महत्त्वाचं.

बोटाऐवजी अख्खा तळहात गुडघ्यावर फिरवून ‘इथे सगळीकडे’ असं सांगावं लागत असेल, बराच वेळ बसून उठताना गुडघा धरत असेल, तर दुखणं वाटीच्या मागच्या सांध्याचं असू शकतं. त्याचा व्यायाम थोडा वेगळा असतो. उंची भराभर वाढण्याच्या वयात वाटीच्या खाली नडगीच्या हाडावर दुखरा उंचवटा आला असेल तर ते वाढत्या हाडाचं प्रकरण आहे. तिथे या लेखातलं जड वजन लावायला जाऊ नका, आधी डॉक्टरांना दाखवा.

काही गोष्टींत तर थांबायचंच नाही, सरळ डॉक्टरांकडे जायचं: गुडघा सुजतो, मधेच अडकतो, चालताना दगा देतो, रात्री झोपेतून उठवतो, किंवा एखाद्या उडीला ‘फट्’ असा आवाज होऊन नंतर पाय सरळ उचलताच येत नाही.

नॉर्वेतल्या अव्वल खेळाडूंची एक पाहणी २००५मध्ये प्रसिद्ध झाली. व्हॉलीबॉल खेळणाऱ्यांपैकी जवळपास ४५ टक्क्यांमध्ये हा त्रास आढळला. पाहणीत हा त्रास असलेल्या सगळ्या खेळाडूंचं दुखणं सरासरी ३२ महिने जुनं होतं. अव्वल खेळाडू, हाताशी फिजिओ, आणि तरी ३२ महिने! त्यांच्याकडच्याच तरुण खेळाडूंच्या अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली: जी मुलं मुळातच जास्त उंच उडत होती आणि जास्त तास खेळत होती, त्यांनाच हे दुखणं जास्त गाठत होतं. म्हणजे संघातला सगळ्यात चांगला उडणारा पोरगा सगळ्यात आधी लंगडतो. त्याची उडी बसवण्याआधी त्याच्या उड्यांचा हिशोब बसवायला हवा.

सकाळची परीक्षा आणि एक वही

कंडरा लगेच तक्रार करत नाही, ही तिची मोठी खोड. सराव चालू असताना ती गप्प बसते आणि बिल दुसऱ्या दिवशी पाठवते. त्यामुळे ‘खेळताना काही दुखलं नाही’ याला फारशी किंमत नाही. किंमत आहे ती उद्या सकाळच्या आकड्याला.

तो आकडा असा काढायचा. पुढे उतरती, साधारण २५ अंशांची फळी घ्या. फळी नसेल तर टाचेखाली जाड लाकडी ठोकळा चालेल, फक्त रोज तोच ठोकळा हवा. दुखऱ्या पायावर उभे राहा, पाठ ताठ ठेवा आणि सावकाश गुडघा वाकवत खाली जा. रोज सारख्याच खोलीपर्यंत. दुखणं ० ते १० मध्ये किती, ते लिहा. एकदाच करायचं. ‘खात्री करून घेऊ’ म्हणून दहा वेळा केलंत तर परीक्षाच व्यायाम होऊन बसेल.

वहीत फार काही लिहायचं नाही. माझ्या जुन्या वहीतल्या दोन नोंदी अशा आहेत:

मंगळवार सकाळ ३. संध्याकाळी उड्या ३४. बुधवार सकाळ ३.

शुक्रवार सकाळ ३. संध्याकाळी उड्या ५८, शेवटचा सेट खेळलो. शनिवार सकाळ ५. रविवार सकाळ ४. सोमवार ३.

पहिल्या नोंदीतला भार गुडघ्याला पचला. दुसरा पचला नाही, आणि पूर्वपदावर यायला तीन दिवस गेले. पुढचे सगळे निर्णय या दोन ओळींतल्या फरकावर होतात. व्यायाम करताना ३पर्यंतचं दुखणं चालेल, पण २४ तासांत सकाळचा आकडा नेहमीच्या जागी परत यायला हवा. शून्य दुखण्याची वाट बघत बसलात तर सुरुवातच होणार नाही.

महिन्याकाठी एकदा व्हिसा-पी ही प्रश्नावली भरा. आठ प्रश्न, १००पैकी गुण, १०० म्हणजे गुडघा ठणठणीत. रोजच्या चढउतारात प्रगती दिसत नाही, इथे दिसते.

उड्या मोजा

पहिला आठवडा काहीही न बदलता फक्त मोजा. फोन मैदानाच्या कडेला उभा करून चित्रण करा किंवा बाहेर बसलेल्या एखाद्याला कामाला लावा. स्वतःच्या मनात मोजू नका, दोन रॅलींनंतर विसर पडतो.

मला वाटत होतं, मी एका सरावात चाळीसेक उड्या मारतो. मोजल्यावर निघाल्या १२६. त्यातल्या ३८ तर वॉर्म-अपच्या स्मॅशच्या रांगेतल्या, जिथे कोणी ब्लॉकला नसतं आणि सगळे एकमेकांना जोर दाखवत असतात. काही न गमावता वाचवता येतील अशा उड्या कुठे आहेत, हे त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

सगळ्या उड्या सारख्या नसतात. मी वहीत जागेवरच्या ब्लॉकला १, धावत येऊन मारलेल्या स्मॅशला आणि जंप सर्व्हला २, सेटरच्या (स्मॅशसाठी चेंडू वर उचलून देणाऱ्याच्या) छोट्या उडीला अर्धा असं मोजतो. हे आकडे प्रयोगशाळेतले नाहीत, माझ्या सोयीचे आहेत. तुमचं गणित वेगळं असलं तरी चालेल, फक्त ते दर आठवड्याला बदलू नका. धावत येऊन मारलेल्या उडीला दुप्पट धरण्याचं कारण साधं आहे. तिथे पुढे जाणारा सगळा वेग शेवटच्या दोन पावलांत गुडघा वाकवून रोखायचा आणि वर वळवायचा असतो. तो ताण वाटीखालच्या कंडरेतून जातो.

पहिली पायरी: न हलता जोर

सकाळचा आकडा ५च्या वर असेल, किंवा दुखण्यामुळे वजन उचलणंच जमत नसेल, तर इथून सुरुवात. नाहीतर सरळ दुसऱ्या पायरीवर जा आणि हा व्यायाम मधल्या दिवसांसाठी राखून ठेवा.

लेग एक्स्टेन्शनच्या, म्हणजे बसून नडगीने वजन वर उचलायच्या मशीनवर गुडघा साधारण ६० अंशांत वाकलेला ठेवून वजन उचलून धरायचं, हलवायचं नाही. ४५ सेकंद धरा, दोन मिनिटं थांबा, असं पाच वेळा. वजन असं हवं की चाळिसाव्या सेकंदाला मांडी थरथरायला लागेल. मशीन नसेल तर एका पायावर भिंतीला टेकून अदृश्य खुर्चीत बसा. किंवा न ताणला जाणारा पक्का पट्टा खांबाला बांधून गुडघ्यांच्या मागून घ्या, त्याच्यावर भार टाकत मागे रेला आणि नडगी उभी ठेवून खाली बसा. हा दुसरा प्रकार मला जास्त आवडतो. जोर मांडीच्या पुढच्या भागावर येतो आणि मशीनसाठी रांगेत उभं राहावं लागत नाही.

काहींचं दुखणं यानंतर तास-अर्धा तास चांगलंच उतरतं, काहींना फारसा फरक पडत नाही. तुम्ही दुसऱ्या गटात असाल तर निराश होऊ नका. हा व्यायाम मुख्यतः जोर टिकवण्यासाठी आहे, दुखणं उतरलं तर तो वरचा फायदा. दिवसातून दोनदा, आठ-पंधरा दिवस पुरे.

दुसरी पायरी: जड आणि संथ

लोकांना सगळ्यात कंटाळा इथे येतो आणि बहुतेक गुडघे इथेच अर्धवट सोडले जातात. उड्या नाहीत, चेंडू नाही, नुसतं वजन वर-खाली. पण पुढची सगळी इमारत याच्यावर उभी राहते.

एक दिवसाआड, आठवड्यातून तीनदा, लेग प्रेस (मशीनवर पायांनी वजन ढकलणं), लेग एक्स्टेन्शन आणि एक पाय पुढे ठेवून केलेला स्प्लिट स्क्वॉट. प्रत्येकी तीन ते चार सेट. वर जायला तीन सेकंद, खाली यायला तीन सेकंद. मनात मोजलेले सेकंद हमखास लवकर संपतात, म्हणून फोनवर ठोका लावून ठेवा. सुरुवातीला गुडघा ६० अंशांपर्यंतच वाकवा, सवय झाली की ९०पर्यंत.

वजन किती, तर पहिल्या आठवड्यात जेमतेम १५ वेळा उचलता येईल एवढं. मग दर एक-दोन आठवड्यांनी वजन वाढवत १२, १०, ८ आणि शेवटी फक्त ६ वेळा जमेल इथपर्यंत. घाबरून हलक्या वजनावरच रेंगाळणारे बरेच बघितलेत. कंडरेला हलक्या वजनाचं सोयरसुतक नसतं, तिच्यात बदल व्हायला भार पुरेसा जड हवा. वाढवायचं ते सकाळच्या आकड्याकडे बघून, एवढंच.

दोन्ही पायांनी एकत्र केलं की दुखरा पाय हळूच काम चुकवतो आणि चांगला पाय त्याचंही ओझं उचलतो. आरशात बघा, लेग प्रेसला कंबर एका बाजूला सरकताना दिसेल. म्हणून लवकरात लवकर एकेका पायावर या.

सोबत पोटरीसाठी टाच उचलणं, एकदा गुडघा सरळ ठेवून आणि एकदा वाकवून. नितंबांसाठी पाठीवर झोपून कंबर उचलणं. आणि घोटा तपासा: पायाचा अंगठा भिंतीपासून १० सेंटिमीटरवर ठेवा आणि टाच न उचलता गुडघा भिंतीला लावा. लागत नसेल किंवा दोन पायांत मोठा फरक असेल तर घोटा आखडलेला आहे. असा घोटा उतरताना नीट वाकत नाही आणि त्याच्या वाट्याचा धक्का गुडघ्याकडे जातो.

किमान सहा आठवडे इथे काढा. पुढे जाण्याची कसोटी: लेग प्रेसवर एका पायाने, शरीराच्या वजनाच्या साधारण दीडपट वजन, आठ-आठ वेळा चार सेट, आणि दुसऱ्या दिवशी आकडा जागेवर. हा व्यायाम पुढच्या पायऱ्यांवरही आठवड्यातून दोनदा चालूच ठेवायचा. उड्या सुरू झाल्या की वजन सोडून देणं ही मी स्वतः दोनदा केलेली चूक.

तिसरी पायरी: आधी उतरणं, मग उडणं

उडीचा सराव म्हटलं की लोक सरळ उंच खोक्यावर चढतात आणि तिथून खाली उडी मारून लगेच वर उसळतात. दुखऱ्या कंडरेसाठी तो शेवटचा धडा आहे, पहिला नव्हे.

पहिला धडा उतरण्याचा. २० सेंटिमीटरच्या पायरीवरून उडी न मारता, नुसतं पाऊल पुढे टाकून दोन्ही पायांवर उतरा आणि तिथेच थिजून जा. कान उघडे ठेवा. ‘धप्प’ असा आवाज आला तर गुडघे ताठ होते. पायाचा पुढचा भाग आधी टेकतो, मग टाच, मग गुडघा आणि कंबर एकत्र वाकतात. छाती थोडी पुढे झुकू द्या. धड ताठ ठेवून उतरलं की कंडरेवरचा ताण वाढतो, किंचित पुढे झुकलं की काही भार नितंबांकडे जातो. हा फरक एका सरावात जाणवतो. त्याच पायरीवरून पाच वेळा ताठ उतरा, पाच वेळा झुकून उतरा, आणि वाटीखाली काय वाटतं ते बघा.

दुसरा धडा खोक्यावर चढणारी उडी. जमिनीवरून उडून गुडघ्याएवढ्या उंचीच्या खोक्यावर उतरायचं आणि खाली मात्र एकेक पाय टाकत यायचं. उडण्याचा जोर पूर्ण लागतो, पण उतरण्याचा धक्का नाममात्र. जुन्या दुखण्यासाठी यापेक्षा सोयीची उडी मला अजून सापडलेली नाही. घाई करून खोक्यावरून मागे उडी मारलीत तर सगळा फायदा गेला.

तिसरा धडा जागेवरची उडी. अर्धं बसून, हात फिरवून, आधी अर्ध्या जोराने, मग पाऊण, मग पूर्ण. प्रत्येक उडीनंतर थांबायचं, श्वास घ्यायचा, पुन्हा. लागोपाठ उसळणाऱ्या उड्या अजून नाहीत.

तिन्ही नीट जमले की लागोपाठच्या उड्या, मग लांब उडी, मग एका पायावर उतरणं, आणि सगळ्यात शेवटी खोक्यावरून उतरून लगेच वर उसळणं. एका वेळी एकच नवा प्रकार.

सुरुवात १०-१० उड्यांच्या तीन सेटने करा आणि हळूहळू सहा सेटपर्यंत न्या. दर तिसऱ्या दिवशी, त्याहून लवकर नाही. जोरदार भारानंतर कंडरेत आधी झीज वरचढ असते आणि बांधणी मागून येते, त्याला दीड-दोन दिवस लागतात. मधेच पुन्हा धक्का दिला तर बांधणी अर्धवट राहते. म्हणून तीन दिवसांचं चक्र ठेवा: एक दिवस उड्या, दुसऱ्या दिवशी आराम किंवा पहिल्या पायरीतला न हलता जोर, तिसऱ्या दिवशी जड वजन. चौथ्या दिवशी पुन्हा उड्या. आठवड्याच्या वारांशी हे चक्र जुळत नाही याचा त्रास होतो खरा, पण कंडरेला रविवार-सोमवार कळत नाही.

संख्या, जोर आणि किती दिवसांनी, या तिन्हींपैकी एका वेळी एकच वाढवा. दोन वाढवले आणि आकडा चढला, तर चूक कुठे झाली ते कळणार नाही.

चौथी पायरी: नेटवर

खोक्यावरच्या ६० उड्या पचल्या म्हणजे नेटवरच्या ६० पचतील, असं नाही. नेटवर चेंडू असतो, समोर ब्लॉक असतो, आणि गुडघ्याची आठवण राहत नाही. म्हणून इथेही क्रम:

१. जागेवरून ब्लॉक, चेंडूशिवाय.

२. एक-दोन पावलं बाजूला सरकून ब्लॉक.

३. तीन पावलांची धाव, हाताचा झोका, स्मॅशची उडी, पण चेंडूशिवाय. शेवटचं पाऊल फार लांब टाकू नका. लांब पावलाने जोराचा ब्रेक लागतो, आणि उजव्या हाताने मारणाऱ्याच्या डाव्या गुडघ्याला तोच सोसावा लागतो.

४. हाताने उंच फेकून दिलेल्या चेंडूवर स्मॅश. त्यानंतर सेटरने दिलेल्या चेंडूवर.

५. जंप सर्व्ह.

६. सराव सामना, आधी एक सेट.

पहिल्या आठवड्यात माझ्या हिशोबाने २० गुण भरतील एवढ्याच उड्या, दोन सरावांत मिळून नव्हे, प्रत्येक सरावात. सकाळचा आकडा शांत असेल तर पुढच्या आठवड्यात २५-३०, मग ४०. आकडा दोनने चढला आणि २४ तासांत उतरला नाही, तर तोच आठवडा पुन्हा. हे गणित ढोबळ आहे. वहीत तुमचाच गुडघा काय म्हणतो, ते ढोबळ नियमापेक्षा खरं धरा.

उतरण्याकडे विशेष लक्ष द्या. डोक्याच्या मागे गेलेल्या चेंडूला गाठायला अंग वळतं आणि खेळाडू एकाच पायावर, मागे झुकलेला, ताठ उतरतो. चेंडू थोडा पुढे हवा असेल तर सेटरला तसं स्पष्ट सांगा. हा गुडघ्याचा प्रश्न असला तरी अर्धं उत्तर सेटरच्या हातात असतं. चित्रण हळू वेगाने बघितलं की दहापैकी किती वेळा दोन्ही पाय जवळपास एकत्र टेकले ते मोजता येतं. माझे आधी तीन होते.

जागेनुसार हिशोब बदलतो. मिडल ब्लॉकर खोट्या धावांमध्येही उडतो, चेंडू येवो न येवो, म्हणून त्याच्या उड्या सगळ्यांच्या अंदाजापेक्षा जास्त निघतात. सेटरच्या उड्या छोट्या पण असंख्य. त्याला सरावातल्या निम्म्या वेळी जमिनीवर पाय ठेवून पास द्यायला सांगा. लिबेरोचं, म्हणजे फक्त मागे राहून चेंडू उचलणाऱ्याचं दुखणं उडीपेक्षा खोल बसून उठण्याचं असतं, त्याच्यासाठी दुसरी पायरी जास्त महत्त्वाची. सिमेंटसारख्या कडक जमिनीवर खेळत असाल तर उड्यांची मर्यादा लाकडी मैदानापेक्षा खाली ठेवा.

या सगळ्याला किती वेळ लागतो? तीन महिने लवकरात लवकर, सहा महिने नेहमीचे, कधी वर्षही. नेदरलँड्समध्ये ७६ खेळाडूंवर २४ आठवडे केलेली एक चाचणी २०२१मध्ये प्रसिद्ध झाली. असाच पायरीपायरीने भार वाढवत गेलेल्या गटाचा व्हिसा-पीचा आकडा ५६वरून ८४वर गेला. फक्त उताराच्या फळीवर दुखत-दुखत खाली बसण्याचा जुना व्यायाम करणारा गट ५७वरून ७५पर्यंत पोहोचला. फरक चांगला आहे, पण तेवढ्या काळात पूर्वीच्या पातळीवर खेळायला परतलेले पहिल्या गटातही निम्म्याहून कमीच होते. ‘सहा आठवड्यांत गुडघा बरा’ म्हणणाऱ्याला हा आकडा दाखवा.

सीझन सुरू असेल तर

इथे एक कटू गोष्ट. नॉर्वेत २९ खेळाडूंना ऐन सीझनमध्ये, खेळ तसाच चालू ठेवून, १२ आठवडे गुडघ्याचा व्यायाम दिला गेला. फायदा शून्य. व्यायाम वाईट होता असं नाही, तो आधीच भरलेल्या ताटात आणखी वाढला गेला. म्हणून सीझनमध्ये व्यायाम जोडायचा असेल तर तेवढ्याच उड्या आधी कमी करा.

कमी करायला जागा असते. वॉर्म-अपची स्मॅशची रांग सहा चेंडूंवर थांबवा. सर्व्ह-पासच्या सरावात ब्लॉकची जागा दुसऱ्याला द्या. सामन्याच्या आदल्या दिवशी उडीच नको. सरावाच्या दिवसांत जंप सर्व्हऐवजी उभी सर्व्ह. कोचशी हे ‘गुडघा दुखतोय’ या भाषेत बोलू नका, ते प्रत्येकालाच दुखत असतं. वही घेऊन जा आणि म्हणा, ‘सर, आठवड्याला इतक्या उड्या झाल्या की मी शनिवारी पूर्ण जोरात खेळतो, त्याहून जास्त झाल्या की तिसऱ्या सेटला उतरतो.’ माझे एक कोच आधी हसले होते, नंतर त्यांनी स्वतःच मोजायला माणूस ठेवला.

सीझनमधलं ध्येय बरं होणं नाही, आकडा चढू न देणं. बरं व्हायचं काम सामने संपल्यावर, आणि त्या दिवसांत तीन आठवडे सोफ्यावर काढायचे नाहीत.

पट्टा, गोळी, इंजेक्शन

वाटीखाली बांधायचा पट्टा काहींना खेळताना आराम देतो. बांधा, पण त्याच्या भरवशावर उड्या वाढवू नका. बर्फानेही बरं वाटतं, त्यापलीकडे काही होत नाही. वेदनाशामक गोळी घेऊन सराव केलात तर त्या दिवसाचा आणि दुसऱ्या सकाळचा आकडा खोटा. वहीत तसं लिहा.

स्टेरॉइडचं इंजेक्शन काही आठवडे चमत्कार करतं आणि सहा महिन्यांनी जड-संथ व्यायामवाल्यांपेक्षा मागे पडतं. मलाही एकदा ‘एक टोचून घे, फायनल खेळून जा’ असा सल्ला मिळाला होता. फायनल खेळलो. पुढचे पाच महिने नाही.

सोनोग्राफीत कंडरा जाड किंवा काळपट दिसली म्हणून हबकून जाऊ नका. अजिबात न दुखणाऱ्या गुडघ्यांतही असं चित्र दिसतं, आणि दुखणं गेल्यावरही ते तसंच राहू शकतं. चित्र सुधारण्याच्या मागे लागू नका.

बिघडलं तर

बिघडणार आहेच. एखादी स्पर्धा लांबेल, पाचवा सेट होईल आणि सकाळी आकडा ६ येईल. अशा वेळी सगळं बंद करायचं नाही. दोन-तीन दिवस उड्या शून्य, पण न हलता जोर रोज दोनदा चालू. आकडा ४वर आला की जड-संथ व्यायाम, नेहमीपेक्षा थोडं कमी वजन. नेहमीच्या जागी आला की उड्या, पण बिघडण्याच्या आदल्या आठवड्यात जेवढ्या होत्या त्याच्या निम्म्यापासून. आठवडाभरात आकडा हललाच नाही, किंवा गुडघ्याला सूज दिसली, तर वही घेऊन फिजिओकडे जा. ती आधी त्यांना वाचायला द्या, गुडघा नंतर दाखवा.